सशाला टिमोथीच लागतं का?

पुण्यात एखाद्या घरी ससा आला की पहिल्याच आठवड्यात ‘टिमोथी’ हा शब्द कानावर पडतो. पेट शॉपवाला सांगतो, आधीपासून ससे पाळणारे सांगतात, मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात. मग परदेशी गवताचं पाकीट घरी येतं, आजोबा चष्मा लावून त्यावरची किंमत वाचतात आणि विचारतात, “हा गवताचा भाव आहे?” प्रश्न रास्त आहे. सशाला खरी गरज असते ती लांब, कोरड्या, चिवट धाग्याची. तो टिमोथीत भरपूर असतो, आपल्याकडच्या काही गवतांतही असतो. एक चारा मात्र मोठ्या सशाला रोज चालत नाही, आणि नेमका तोच पुण्यात सगळ्यात सहज मिळतो.

आधी पोटाचं बघू. आपण पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. फारसा कस नसलेल्या, माळरानाच्या गवतावर जगेल असं त्याचं शरीर घडलेलं आहे. गायही गवतावरच जगते, पण तिच्याकडे चार कप्प्यांचं पोट आहे आणि बसून रवंथ करायला वेळ आहे. दोन किलोच्या जिवाला, ज्याला कोणत्याही क्षणी पळावं लागतं, एवढं अवजड पोट परवडत नाही. सशाच्या पोटाने म्हणून वेगळी सोय केली आहे. लहान आतड्यातून पुढे सरकलेला लगदा मोठ्या आतड्याच्या तोंडाशी आला की तिथे चाळणी लावल्यासारखी निवड होते. जाडे कण, साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे, पुढे ढकलले जातात आणि कोरड्या गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि द्रव उलट दिशेने मागे फिरतात आणि सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत जातात. तिथे असंख्य जिवाणू त्यांना आंबवतात.

या आंबवलेल्या मालाच्या मऊ, चिकट, उग्र वासाच्या छोट्या गोळ्या होतात, आणि ससा त्या थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हणून अनेकांना हे कधी दिसतच नाही. ज्यांना दिसतं ते दचकतात. पण त्याला त्यातून प्रथिनं, बी गटातली जीवनसत्त्वं आणि के जीवनसत्त्व मिळतं. ते थांबवू नका. काळजी करायची ती अशा मऊ गोळ्या पिंजऱ्यात न खाता पडून राहिल्या किंवा शेपटीखाली चिकटून बसल्या तर. खाण्यात पिष्टमय आणि गोड पदार्थ फार झाले, किंवा वजन वाढल्यामुळे सशाला मागे वळता येईना, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो.

गंमत अशी की त्या जाड्या धाग्यातून सशाला पोषण म्हणून जवळजवळ काहीच मिळत नाही. तरी त्याच्याशिवाय सगळं ठप्प होतं, कारण आतडं हलतं ठेवायचं काम तोच करतो. धागा कमी पडला की आतडं मंदावतं, आतला माल साचतो, सीकममधल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो, गॅस धरतो. गॅसने पोट दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच जायला हवं.

दातांचंही गणित गवताशीच बांधलेलं आहे. सशाचे सगळे दात, पुढचेही आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. पेलेट (म्हणजे सशाच्या विकतच्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) किंवा चपाती खाताना जबडा नुसता वर-खाली होतो आणि काम पटकन उरकतं. मग दाढांना टोकं येतात, ती जिभेला किंवा गालाला टोचतात. ससा वाटीजवळ येतो, वास घेतो आणि परत जातो. ‘हल्ली नखरे करतो’ म्हणून आपण सोडून देतो, आणि आत तोंड सोललेलं असतं.

म्हणून मोठ्या सशाच्या रोजच्या खाण्यात ८० ते ८५ टक्के वाटा वाळलेल्या गवताचा हवा. मोजून द्यायची गरज नाही. सशाच्या आकाराएवढा ढीग रोज समोर असावा आणि तो कधी संपू नये.

आता पुण्यात कोणतं गवत द्यायचं?

देवळाबाहेर गाय बांधून बसलेल्या बाईकडे हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या असतात, दहा-वीस रुपये देऊन लोक त्या गायीला खाऊ घालतात. गोठ्यांना रोज टेम्पो भरून येणारा चाराही पाहिला असेल. त्यात बऱ्याचदा लसूणघास असतो, म्हणजेच पाकिटांवर ज्याला अल्फाल्फा म्हणतात तो. पुण्याच्या आसपास तो मुबलक आहे, कारण हा दुधाचा पट्टा आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफ या संस्थेने इथे चाऱ्यावर बरंच काम केलं, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने लसूणघासाचा ‘आरएल-८८’ हा वाण दिला. दुभत्या जनावराला हा चारा उत्तम. पण तो गवत नाहीच, मेथी-हरभऱ्यासारखा शेंगवर्गातला आहे. त्यात १५ ते २० टक्के प्रथिनं असतात, टिमोथीत साधारण ७ ते १०. कॅल्शियम वाळलेल्या लसूणघासात सव्वा ते दीड टक्का, टिमोथीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

इथे सशाच्या शरीराची एक खोड आडवी येते. माणसाचं शरीर गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं. ससा खाण्यात आलेलं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. त्यामुळे त्याची लघवी थोडी गढूळ असणं नेहमीचं आहे. पण ती चुन्याच्या निवळीऐवजी चुन्याच्या गाळासारखी दाट पडू लागली, ससा बसून कुंथू लागला, तर मूत्राशयात गाळ किंवा खडा असू शकतो. त्यामुळे लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला चालतो, त्यांना त्याची गरजच असते. मोठ्या सशाला तो रोजचा चारा म्हणून देऊ नये. बरसीम या शेंगवर्गातल्याच दुसऱ्या चाऱ्यालाही हाच नियम लावा.

मग आपल्या भागातलं खरं गवत कोणतं? हरळी, म्हणजे दूर्वा, सशाला उत्तम. ताजी द्या, वाळवून द्या. मारवेल हे दख्खनचं नावाजलेलं चाऱ्याचं गवत, मऊ काडीचं, वाळवल्यावरही चव टिकवणारं. आणि तिसरा ओट. रब्बीत चाऱ्यासाठी ओट पेरतात. दाणा भरायच्या आत कापून वाळवला तर टिमोथीच्या तोडीचा चारा होतो, माझ्या मते पुण्यात सगळ्यात भरवशाचा. ओळखीचा गोठेवाला किंवा हडपसर-लोणीकडचा शेतकरी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत विचारून ठेवावं. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा यात धागा आहे पण बाकी काही नाही. खाली अंथरायला छान, खायला पुरेसा नाही. कडब्याची जाड ताटं ससा टाकून देतो. कोवळी हिरवी ज्वारी मात्र अजिबात नको, तिच्या कोवळ्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. जनावरांना त्याने विषबाधा होते हे शेतकऱ्याच्या घरी लहान मुलांनाही माहीत असतं, शहरात सांगावं लागतं. हत्तीगवतात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला धरून खडे करू शकणारं द्रव्य, बरंच असतं, ते मुख्य चारा म्हणून नको.

टेकडीवरचं गवत फुकट दिसतं म्हणून मोह होतो. पावसाळा सरला की वेताळ टेकडीवर फिरून आलेल्याच्या मोज्यांत जे घुसतं ते कुसळ. कुसळीच्या फुलोऱ्यातली ती टोकदार, पीळ असलेली काडी सशाच्या हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात रुतते आणि आत आत सरकते. विकतच्या गवतातही कुसळं आली तर ती पेंढी निवडत बसू नका, सरळ टाकून द्या.

दुसरा धोका गाजरगवताचा. काँग्रेस गवत म्हणून सगळे ओळखतात. भारतात याची पहिली नोंद झाली तीही १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यातच, आणि आता रिकामा प्लॉट दिसला की तिथे ते आहेच. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. गाजराचा पाला सशाला चालतो हे ऐकून कुणी उत्साहाने प्लॉटवरून तोडून आणलं तर विषारी वनस्पती घरात येते. एकूणच रस्त्याकडेचं, नदीपात्रातलं, सोसायटीच्या बागेतलं गवत टाळावं. कुत्र्यांची घाण, गाड्यांचा धूर, सांडपाणी, तणनाशक, यातलं काय काय त्यावर पडलंय ते दिसत नाही. लॉनमोअरने कापलेला चुरा तर नकोच. तो चेचलेला असतो आणि ढिगात तासा-दोन तासांत गरम होऊन आंबायला लागतो.

घरी गवत वाळवणं अवघड नाही, फक्त हंगाम पाळावा लागतो. फेब्रुवारी ते मे सोपं. गच्चीवर जुनी सुती चादर, त्यावर गवताचा पातळ थर, दिवसातून दोनदा उलटापालट. पहिला दिवस ऊन, पुढे सावली आणि वारा, म्हणजे हिरवा रंग आणि वास टिकतो. संध्याकाळी आत. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की झालं. चार-पाच किलो ओल्या गवताचं जेमतेम किलोभर वाळलेलं हाती येतं, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शेजारच्या काकूंच्या पापडांची जागा अडवल्याचं दुःख दुप्पट होतं.

जून ते सप्टेंबर हा कसोटीचा काळ. पुण्याच्या हवेत या दिवसांत बिस्किटं सादळतात, तिथे गवताचं काय! दमट गवत हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंबलं की बुरशी धरते. पुठ्ठ्याचं खोकं किंवा सुती पोतं वापरा, ते जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, आणि या चार महिन्यांत थोडं थोडं आणा. रोज देताना नाकाला लावा. चांगल्या गवताला गोडसर, कोरडा वास असतो. कुबट वास, झटकल्यावर उडणारी पांढरट भुकटी, काळे ठिपके, यातलं एक जरी असलं तरी ते गवत कचऱ्यात. ऊन दाखवून बुरशी वाळते, तिने सोडलेलं विष जात नाही. पावसाळ्यात गावठी गवताचा भरवसा नसेल तर याच चार महिन्यांपुरतं टिमोथीचं पाकीट घ्या. आजोबांनाही हा तोडगा पटतो.

पेलेट आणि चपातीवर वाढलेला ससा गवताला तोंड लावत नाही, ही सार्वत्रिक तक्रार. उपाशी ठेवून गवताची सवय लावायला जाऊ नका. उपाशी सशाच्या यकृतात चरबी साचते आणि त्यात जीव जाऊ शकतो. पेलेट थोडे थोडे कमी करत न्या, दर आठवड्याला वजन करा. ससा ‘जाता जाता’ खाणारा प्राणी आहे, विधी करता करताही चघळतो, म्हणून त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या एका कडेला गवत ठेवलं की खाणं वाढतं. गवताचा प्रकार बदलतानाही जुन्यात नवं मिसळत आठ-दहा दिवस घ्या.

पालेभाजीकडे वळू. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तिने सशाला पाणी, चव आणि थोडी जीवनसत्त्वं मिळतात, पोट भरण्याचं काम तिचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला भाजी देऊ नये. त्यानंतर एका वेळी एकच नवी भाजी, एक-दोन पानं, मग दोन-तीन दिवस लेंड्यांकडे लक्ष. सगळं सुरळीत असेल तर पुढची. मोठ्या सशाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक वाटी दाबून भरलेला पाला पुरतो, तोही दोन-तीन प्रकारांत वाटून.

मंडईत सकाळी गेलात तर सशाचं सामान स्वस्तात मिळतं. कोथिंबीर, पुदिना, शेपू, हे रोजचे. मुळ्याचा, गाजराचा, नवलकोलचा पाला भाजीवाल्या मावशी तोडून बाजूलाच टाकतात, ससा आहे म्हटलं तर तसाच देतात. फ्लॉवरची बाहेरची पानं थोडी. लेट्यूस घ्यायचं तर लांब हिरव्या पानांचं, पांढरट गोल गड्ड्याचं नको, त्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. मेथी थोडी आणि अधूनमधून. तुळशीची चार पानं, जास्वंदीचं पान किंवा फूल, घरच्या न फवारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या चालतात. तुतीची पानं ससे आवडीने खातात. शेवग्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर, म्हणून चिमूटभर.

पालक, चाकवत, माठ, राजगिरा, बीटचा पाला, चुका, घोळ यांत ऑक्झलेट जास्त. आठवड्यातून एकदा, थोडंसं, आणि यातल्या दोन भाज्या एकाच दिवशी नकोत. कोबीने काही सशांना गॅस होतो. गाजर हे सशाचं जेवण असल्याचा समज चित्रांनी पसरवला. गाजरात साखर असते, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा पातळ चकती बस. केळं, सफरचंद चमचाभर. सफरचंदाच्या बिया काढून.

आता जे कधीच द्यायचं नाही. कांदा, लसूण, कांद्याची पात. अळू, कारण त्यातले सुईसारखे स्फटिक तोंड आणि घसा जाळतात. बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला. अ‍ॅव्होकाडो. चॉकलेट, बिस्किट, पाव, भात, चपाती, डाळीचे दाणे. बाल्कनीतल्या कुंड्यांत मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया, सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर आणि घाणेरी, दारात सदाफुली: ही पुण्यातली नेहमीची झाडं सशासाठी विषारी आहेत. तो घरात मोकळा फिरत असेल तर कुंड्या वर टांगा.

गणपतीच्या दिवसांत याला वेगळं वळण लागतं. दूर्वा चालतात, म्हणून लोक मूर्तीवरून उतरलेलं निर्माल्य सशापुढे ठेवतात. पण गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्ये धोत्रा, कण्हेर आणि रुईदेखील आहेत, तिन्ही विषारी. शिवाय त्यावर हळद, कुंकू, गुलाल पडलेला. सशासाठी दूर्वांची वेगळी जुडी आणा, निवडून, धुऊन द्या. निर्माल्य निर्माल्य कलशातच जाऊ द्या.

भाजी धुण्याचं काही विशेष तंत्र नाही. मोठ्या पातेल्यात साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, दोन-तीनदा पाणी बदला, पिवळी-काळी पानं काढा, निथळा. ‘ओली भाजी दिली की ससा मरतो’ असं जे म्हणतात त्यात तथ्य नाही. सडकी किंवा फवारलेली भाजी दिली, किंवा सवय नसताना एकदम खूप दिली, तर पोट बिघडतं, आणि दोष पाण्याच्या थेंबांना मिळतो. त्याचाच भाऊ म्हणजे ‘ससा पाणी पीत नाही’ हा समज. ससा दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो, आणि वाळलेलं गवत खाणाऱ्याला पाणी लागतंच. चोवीस तास ताजं पाणी हवं, जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, म्हणजे ते लवंडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोनदा बदला.

पेलेटबद्दल थोडक्यात: मोठ्या सशाला दर किलोमागे रोज २५ ग्रॅमपर्यंत, एकसारख्या हिरवट गोळ्यांचे. रंगीत दाणे आणि सुका मेवा मिसळलेलं मिश्रण घेऊ नका, ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो.

राहता राहिला तब्येतीचा अंदाज. तो लेंड्यांवरून घ्यायचा. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, सारख्या आकाराच्या, कोरड्या, चुरल्या तर आत गवताचा भुसा दिसेल अशा. त्या लहान, कमी, वेड्यावाकड्या झाल्या, केसांच्या धाग्याने माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर गवत आणि पाणी वाढवा आणि लक्ष ठेवा. लेंड्या बंद, खाणं बंद, ससा कोपऱ्यात पाठ काढून बसलेला, दात कराकर खातोय, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दहा-बारा तास न खाल्लेला ससा तातडीचा रुग्ण असतो. ओवा, हिंग, सोडा असले घरगुती उपाय करण्यात रात्र घालवू नका.

रात्री धावपळ नको म्हणून एक काम आजच करून ठेवा. सशांवर नेहमी उपचार करणारा पशुवैद्य शोधून त्याचा नंबर फ्रिजवर लावा, कारण कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येकालाच सशाचा अनुभव असतो असं नाही. आणि घरातल्या औषधांच्या डब्यातली अमॉक्सिसिलिनची गोळी पाण्यात विरघळवून सशाला पाजू नका. पेनिसिलिन गटातली अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर सीकममधले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात, आणि साध्या सर्दीचा ससा दोन-तीन दिवसांत जुलाबाने दगावू शकतो.